हार्ड डिस्क बिघडते तेव्हां

लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बिघडल्यास बदलतां येते; तींतील मजकूर मात्र बाजारांत मिळत नाहीं, हें श्रोत्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. अडीच इंची डिस्कमधील तबकड्या बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेतात व वाचनशीर्ष त्यांवरून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगतें. म्हणून आंतून टकटक ऐकूं येतांच यंत्र बंद करावें. पुन्हां पुन्हां चालविल्यास उरलासुरला मजकूरही खरवडला जातो. तो मोलाचा असल्यास डिस्क तज्ज्ञाच्या हातीं द्यावी. नवी बसवितांना आधीं वीज तोडावी, बॅटरी सोडवावी आणि त्याच मापाची व जोडणीची सॉलिड स्टेट डिस्क घ्यावी. तींत फिरणारा भागच नसतो. तथापि तीही अमर नव्हे. घरचीं छायाचित्रें व पत्रें यांची दुसरी प्रत निराळ्या जागीं ठेवणें, हाच खरा उपाय होय.