कुत्र्याचा न्हावी निवडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय ऐकून काहीजणींना हसू आले, ते मला येथून दिसले. हसावे, त्यात वावगे काही नाही. पण ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना ठाऊक आहे की, त्याला न्हाऊ-माखू घालण्याचे काम शेवटी बायकांच्याच अंगावर येते. आता पैसे घेऊन ते करून देणारी दुकाने निघाली आहेत. त्या कारागिराला ग्रूमर म्हणतात. आपण कुत्र्यांचा न्हावी म्हणू.

उन्हाळा लागला की आपली पहिली फर्माईश असते, "बिचाऱ्याला उकडते हो, अगदी गोटा करून टाका!" चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, तेव्हा ही माया समजण्यासारखी आहे. परंतु कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून उष्णता घालवतो. पॉमेरेनियन, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि वरचा थर ऊन अडवतो. कवेलू उतरवून घर थंड होते का? शिवाय मुळापासून भादरलेले केस कधीकधी पूर्वीसारखे येतही नाहीत. आतली मेलेली लव विंचरून काढली की पुरे. शिह त्झूसारख्यांची गोष्ट निराळी. त्यांचे केस वाढतच राहतात, ते छाटावेच लागतात.

म्हणून दुकानात गेल्यावर मुद्दाम गोटा करायला सांगून पाहावे. लॅब्राडोर समोर असताना जो "होय बाई" म्हणून लगेच मशीन उचलतो, त्याला नमस्कार करून परत यावे.

दुसरी पारख गोचिडांची. चांगला माणूस कात्रीला हात लावण्यापूर्वी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत पाहतो. गोचिडांमुळे येणाऱ्या तापाने कुत्रा खाणे सोडतो, नाकातून रक्तही येते, आणि वेळीच औषध न मिळाल्यास दगावतो. गोचिडांवर रॉकेल चोळणारा किंवा गुरांचे औषध अंदाजाने फवारणारा नकोच. गरम हवेच्या यंत्रापुढे पिंजऱ्यात बांधून निघून जाणाराही नको. उन्हाळ्यात तेवढ्यानेच जीव जातो. आपल्याला आत उभे राहू देत नसेल, तर का, हे विचारावे.

लसीचा कागद मागितला म्हणून रागावू नये. उलट न मागणाऱ्याकडे जाऊ नये. रेबीज एकदा उमटला की माणूसही सहसा वाचत नाही. डिस्टेंपर कुत्र्याकडून कुत्र्याला लागतो, आणि जंगलातल्या जनावरांनाही. गुजरातेत गीरला २०१८ साली त्याच रोगाने सिंह दगावले. आपल्या दारापासून ताडोबा किती दूर आहे?

सिरोंचा, एटापल्लीकडच्या भगिनी म्हणतील, आमच्याकडे असले दुकान कुठले! नसले तरी अडत नाही. रुंद दातांची फणी, कोमट पाणी, कुत्र्यांसाठीचा साबण (आपला नको, त्याने त्यांची कातडी कोरडी पडते) आणि आठवड्यातून अर्धा तास एवढे पुरते. नखांच्या आत रक्ताची शीर असते आणि काळ्या नखात ती दिसत नाही. तेव्हा टोकेच तेवढी कापावीत, नाहीतर ते काम पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्यावे.