निजलेले जंतु

अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांतील लाइम गांवीं मुलांचे सांधे सुजूं लागले, म्हणून १९७५ सालीं या रोगाचा शोध सुरू झाला. त्याचे मळसूत्री जंतु विली बर्गडॉर्फर यांना १९८१ सालीं गोचिडीच्या पोटांत सांपडले. डॉक्सिसायक्लिन दोनतीन आठवडे घेतल्यास बहुतेक रोगी बरे होतात. कांहींचा थकवा व सांधेदुखी मात्र रेंगाळते. कांहीं जंतु निजून वांचत असावेत, असा एक तर्क आहे.

औषध मारतें तें वाढत्या जंतूंस. निजलेले वांचतात, हें १९४४ सालीं डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनीं पेनिसिलिनच्या प्रयोगांत ताडलें होतें. औषध थांबवावें, जंतूंस जागें होऊं द्यावें आणि पुन्हां घाव घालावा, ही त्यांचीच युक्ति. बोस्टन येथें किम लुईस यांच्या प्रयोगशाळेंत २०१५ सालीं याच युक्तीनें नळींतील लाइमचे जंतु निःशेष झाले.

पण नळी म्हणजे शरीर नव्हे! नेदरलंड्समध्यें २८० रोग्यांस दोन आठवडे औषध टोंचून, पुढें बारा आठवडे कांहींस औषधी तर कांहींस नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोहोंच्या प्रकृतींत फरक दिसला नाहीं. दुखणें जिवंत जंतूंचें, कीं मेलेल्यांच्या अवशेषांचें, हा वाद मिटलेला नाहीं. तोंवर महिनोन्‌महिने शिरेंतून औषध घेणारा रोगी त्याच नळीवाटे रक्तांत दुसरा संसर्ग शिरण्याचा धोका मात्र खचित पत्करतो.