हातातील विद्या
(गावच्या पालकसभेत केलेले भाषण)



दर सालच्या जून महिन्यात पटावर नवे नाव घालताना आम्ही बापाचा धंदा विचारतो. कुणबी खाली पाहून म्हणतो, "ढेकळं फोडतो, गुरुजी." लोहार म्हणतो, "ठोकाठोकी, दुसरं काय!" आईचा धंदा विचारावा तर नवराच उत्तर देतो, "ती घरीच असते." कचेरीतला कारकून मात्र आपला हुद्दा पुरा सांगितल्याखेरीज हलत नाही.

आता ही ठोकाठोकी म्हणजे काय ते पाहू. लाकडी चाकाच्या गाड्या आज थोड्या उरल्या, तरी धाव चढविताना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सुतार तुंबा, आरे व पुठे जुळवून चाक सिद्ध करतो. लोहार त्याचा घेर मोजतो आणि लोखंडी धाव घेराहून किंचित लहान करतो. किती लहान, हे चाकाचे सांधे किती ढिले आहेत ते पाहून ठरवावे लागते. कमी लहान केली तर धाव उन्हाळ्यात निसटते. जास्त केली तर आरे वाकतात. मग गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करावयाची, सांडशींनी उचलून चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. लोखंड आकसते व सारे सांधे करकरून घट्ट बसतात. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे आम्ही फळ्यावर लिहून शिकवितो!

नोकरीच्या आरंभी एका लोहाराच्या मुलास परिघाचे उदाहरण चुकले म्हणून आम्ही भर वर्गात मठ्ठ म्हटले. त्याच आठवड्यात तो बापाच्या भात्यापाशी दिसला. माप घेऊन बापास म्हणाला, "अजून दोन सूत कमी पाहिजे." बापाने तेवढे कमी केले आणि धाव चपखल बसली. त्या दिवशी मठ्ठ कोण ठरले, ते सांगावयास नको.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्यास लाज वाटणार नाही असा शिक्षक पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. आम्हांस ती फार उशिरा समजली.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. कसबाचा अभिमान म्हणजे जातीचा अभिमान नव्हे. लोहाराच्या मुलाने घणच मारावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याने इंजिनिअर व्हावे. पण बापाचे घर अडाण्याचे होते, असे मात्र सांगू नये.

या लाजेचे नुकसान रोकडे आहे. फाळ करून देताना आमचा लोहारदादा लोखंडाचे पैसे स्पष्ट सांगतो आणि मजुरी सांगताना चाचरतो. "द्या काय द्यायचे ते," म्हणतो. घेणारा तेवढेच देतो. तीच गत माउलीची. उभ्या पिकातून बियाण्याची कणसे निवडणारी ती, राख घालून बी मडक्यात जपणारी ती, आणि कागदावर तिचा धंदा 'घरकाम'!

पटाची वही आज टेबलावर उघडी ठेवली आहे. धंद्याचा रकाना आम्ही पेन्सिलीने भरला होता, तो खोडून टाकला आहे. जाण्यापूर्वी एकेकाने येऊन आपले काम नीट सांगावे. बायांनी आपले आपण सांगावे. पुरुषांनी तोवर बाहेर उभे राहिले तरी चालेल.