रक्तातील वायूंचा हिशेब



१९५२ सालच्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओच्या रुग्णांची रीघ लागली होती. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण फार आढळे. तो वायू रक्तात मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात वाहिला जात असल्याने, रक्त अल्कधर्मी झाले आहे, असाच अर्थ लावला जाई.

बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला तो पटला नाही. फुप्फुसातील कोट्यवधी वायुकोश आणि केशवाहिन्या यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. जिथे दाब अधिक तिथून तो कमी असेल तिकडे वायू आपसूक जातात. ऑक्सिजन रक्तात उतरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मात्र वायुकोशातील हवा सतत बदलत राहिली पाहिजे. श्वास उथळ झाला, तर ऑक्सिजनची उणीव वरून ऑक्सिजन देऊन भरता येते. कार्बन डायऑक्साइडला बाहेरची वाट तेवढ्याने मिळत नाही. तो साचतो आणि रक्त आम्लधर्मी होते. म्हणजे एकाच आकड्याचे दोन परस्परविरोधी अर्थ! निवाडा करणारी गोष्ट एकच होती : रक्ताचा पीएच. तो मोजला, आणि रक्त आम्लधर्मी निघाले.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविण्यात आली. आरंभी तिची प्रकृती अधिकच खालावली. पण रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत जाऊ लागताच कार्बन डायऑक्साइड उतरला. पुन्हा यंत्रावर ठेवताच तो चढला, पिशवी हाती घेताच पुन्हा उतरला. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

पुढे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, रुग्णांशेजारी बसून पिशव्या दाबीत राहिले. त्यांत बहुतेक वैद्यकाचे विद्यार्थी होते; तुमच्याहून फार मोठे नव्हते. ऐंशी टक्क्यांहून अधिक असलेला मृत्युदर चाळीसच्या आसपास आला. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्त्रुप यांनी पीएचच्या मोजणीवरून कार्बन डायऑक्साइडचा दाब काढण्याची रीत बसविली.

आज मनगटाच्या धमनीतील थोडेसे रक्त पुरते. पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर, बायकार्बोनेट २२ ते २६, या सर्वसाधारण मर्यादा. पीएच घटला आणि कार्बन डायऑक्साइड वाढला, तर दोष श्वासाचा. पीएचबरोबर बायकार्बोनेट घटले, तर बहुधा चयापचयाचा. कोविडकाळात घरोघरी आलेले बोटावरचे ऑक्सिमीटर यातले काहीच सांगत नाही. बाहेरून ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा आकडा ९८ दिसत असतानाही कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो. म्हणूनच रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर समोरचा आकडा चांगला असला तरी डॉक्टर धमनीतील रक्त मागवितात. आणि पिचकारीत हवेचा बुडबुडा राहू नये, नमुना विनाविलंब तपासला जावा, याविषयी परिचारिका इतक्या काटेकोर असतात.