दानाचें ओझें

ओझें म्हटलें कीं तें टाळावें, निदान दुसर्‍याच्या माथीं द्यावें, ही मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ति आहे. चाकाचा शोध याच प्रवृत्तींतून लागला असावा, आणि हमालाचा धंदाही. असें असतां कोणी सांगितलेलें नाहीं, मजुरी मिळावयाची नाहीं, आणि तरीही पाठीवर धान्याची पिशवी घेऊन कोणी भल्या पहाटे रस्त्यानें धावूं लागला, तर पाहणार्‍यास प्रथम हंसूं येतें. तो कशासाठीं धावतो हें कळलें म्हणजे हंसूं ओसरतें आणि हात खिशाकडे जातो. दानधर्मासाठीं ओझें घेऊन धावणें, त्यासाठीं करावा लागणारा अभ्यास, आणि त्या अभ्यासांतून होणारा बोध, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

इंग्लंडांत अशा धावण्याची आवड बरीच आहे. यॉर्कशायरमधील गॉथॉर्प या गांवीं १९६० नंतरच्या दशकांत एक शर्यत सुरू झाली. ईस्टरच्या सोमवारीं पुरुषांनीं ५० किलो कोळशाचें पोतें खांद्यावर घेऊन १०१२ मीटर धावावयाचें, असा तिचा नेम. याहून विलक्षण उदाहरण लॉइड स्कॉट या माजी अग्निशामकाचें. रक्ताच्या कर्करोगांतून तो वांचला होता. पुढें २००२ सालीं पाणबुड्याचा शंभर पौंडांहून अधिक वजनाचा जुना पोशाख अंगावर चढवून त्यानें लंडनची मॅरेथॉन शर्यत पुरी केली. इतरांस जें अंतर कांहीं तासांचें, त्यास त्याला पांच दिवसांहून अधिक काळ लागला. शर्यतींत तो सर्वांच्या मागें होता; पण कर्करोगानें पीडलेल्या मुलांसाठीं पैसा उभा करण्यांत तो मागें नव्हता.

मुंबईंत २००४ पासून मॅरेथॉन भरूं लागली. धावणार्‍यानें एखादी संस्था निवडावी, आप्तेष्टांकडून व कचेरींतील सोबत्यांकडून तिच्यासाठीं देणग्या मिळवाव्या, हा प्रघात तेव्हांपासून या शहरांत रुळला. नांव इंग्रजी असलें, तरी कल्पना मराठी माणसास अगदींच परकी नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं गांवोगांव फिरून एकेक पैसा मागितला, आणि त्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. पुढें आश्रम हिंगण्यास गेल्यावर फर्ग्युसन कॉलेजांतील शिकवणें आटोपून ते पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायीं जात, आणि आश्रमाला लागणारें सामान कित्येकदां स्वतःच वाहून नेत. त्यांना कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत. परंतु हा मनुष्य स्वतः ओझें वाहतो, हें लोक पाहत होते. वर्गणीच्या पुस्तकाहून ती चाल अधिक बोलकी होती.

आतां बोरिवलीस राहणारा, चाळिशी उलटलेला, अंधेरीस एका कचेरींत दिवसभर खुर्चीवर बसणारा असा एक गृहस्थ कल्पावा. मनुष्य कल्पित आहे. त्याचे रस्ते, चढउतार आणि हवा मात्र खरीं आहेत. त्यानें संकल्प केला कीं, जानेवारींतील एका रविवारीं २० किलो तांदूळ पाठीवर घेऊन बोरिवली स्टेशनापासून अंधेरी स्टेशनापर्यंत धावावयाचें, आणि तो तांदूळ व जमलेला पैसा एका बालकाश्रमास द्यावयाचा. हें अंतर रेल्वेच्या मापानें सुमारें १२ किलोमीटर आहे. मध्य रेल्वेवर मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जवळजवळ तेवढेंच होतें, म्हणून त्या बाजूच्या रहिवाशांसही हा हिशेब सहज लागू पडेल. चाळीस ओळखीच्या माणसांनीं किलोमीटरमागें १०० रुपये देण्याचें कबूल केलें. म्हणजे प्रत्येकाचे १२०० आणि एकंदर ४८,००० रुपये झाले. पैसा परभारें संस्थेच्या खात्यांत जावयाचा आणि पावती संस्थेनें द्यावयाची. धावणार्‍यानें त्यास स्पर्शही करावयाचा नाहीं. असा चोख व्यवहार आरंभींच ठरविलेला बरा.

गणेशोत्सव संपल्यावर अभ्यासास सुरुवात झाली. पहिले चार आठवडे पाठीवर कांहींच नाहीं. केवळ चालणें, आणि मग थोडें चालणें व थोडें धावणें. पांचव्या आठवड्यांत पांच किलो, आणि पुढें आठवड्यास दोन किलोंची वाढ. चौथा आठवडा विसाव्याचा. ओझें आठवड्यांतून दोनच दिवस घ्यावयाचें, कारण स्नायु लवकर बळावतात, पण सांधे आणि अस्थिबंध सावकाश तयार होतात. धावतांना प्रत्येक पावलास जमिनीचा आघात शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीनें बसतो. त्यांत पाठीवरचें वजन मिळविलें म्हणजे गुडघ्यांवर काय प्रसंग येत असेल, याची कल्पना करावी.

सरावासाठीं राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा रस्ता होता. तो सुमारें सहा किलोमीटरांचा असून शेवटीं चांगला चढाचा आहे. पिशवींत तांदुळाऐवजीं पाण्याच्या बाटल्या भरावयाच्या. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, म्हणून मोजण्यास तराजू नको. शिवाय वर पोंचल्यावर पाणी झाडांच्या मुळांशीं ओतून रिकाम्या पाठीनें उतरतां येतें. चढ छातीला भारी असतो, उतार गुडघ्यांना. आणि डोंगरांत हिंडणारे लोक गुडघे जपतात.

कान्हेरीस शंभरांहून अधिक लेणीं आहेत. काळ्या दगडांत खोदलेल्या त्या विहारांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत दात्यांचे लेख आहेत. कल्याण, सोपारें, नाशिक अशा ठिकाणच्या लोकांनीं कोठें लेणें दिलें, कोठें पाण्याची पोढी दिली, कोठें ज्याच्या व्याजावर भिक्षूंची सोय व्हावी असें अक्षय द्रव्य ठेवलें. सुमारें दोन हजार वर्षें तीं नांवें टिकलीं आहेत. घाम पुसत पायरीवर टेकलेल्या आपल्या गृहस्थाच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला. हा डोंगर ज्यांनीं फोडला, फोडलेला दगड ज्यांनीं डोक्यावरून बाहेर नेऊन टाकला, त्यांचीं नांवें कोठें आहेत? दात्याचें नांव दगडावर राहिलें. वाहणार्‍याचें वार्‍यावर गेलें.

हा प्रश्न घेऊनच तो कचेरीस जाऊं लागला, आणि मग रोज दिसणारी एक गोष्ट त्यास नव्यानें दिसली. दुपारीं अंधेरीस डबेवाले येत. हा धंदा मुंबईंत १८९० च्या सुमारास सुरू झाला. २०२० सालच्या साथीनंतर डबेवाल्यांची संख्या बरीच घटली; पण पांढर्‍या टोपीवर डब्यांची लांब पाटी घेऊन गर्दींतून वाट काढणारा मावळ-जुन्नरकडचा माणूस अजून दिसतो. भरलेली पाटी साठ किलोंच्या घरांत जाते. प्रौढ पुरुषानें नेहमीं वाहावयाचें ओझें ५५ किलोंहून अधिक नसावें, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९६७ सालीं केली, आणि १९६९ सालीं आपल्या राज्यानें माथाडी-हमालांसाठीं स्वतंत्र कायदाही केला. कागदावरचे हे आंकडे त्या मानेस ठाऊक असतीलच असें नाहीं.

पाटी उतरवून बसलेल्या एका वयस्क डबेवाल्यास गृहस्थानें भीत भीत विचारलें, "मामा, एवढें वजन घेऊन तुम्ही धावतां कसे?"

"धावतो कुठं, साहेब? पाऊल बारीक टाकायचं, मान ताठ ठिवायची, आन् मधीच थांबायचं न्हाई. थांबलं की वजन वाढतंय."

"मला तर वीस किलोंनींच धाप लागते."

"लागंल की. तुमी वजनाशी भांडताय. त्याला संगती घ्या."

शास्त्रज्ञांनीं वेगळ्या शब्दांत हेंच सांगितलें आहे. पूर्व आफ्रिकेंतील लुओ व किकुयू स्त्रिया आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शापर्यंत ओझें डोक्यावर घेऊन चालतात, तेव्हां त्यांच्या शरीराची शक्ति रिकाम्या चालण्याहून अधिक खर्च होत नाहीं, असें १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. नेपाळांतील पुरुष भारवाहक सरासरीनें आपल्या वजनाच्या ९३ टक्के ओझें कपाळावरच्या पट्ट्यानें वाहतात, असें २००५ सालच्या पाहणींत दिसून आलें. ते सावकाश चालतात आणि वरचेवर टेकतात. एकाचा नेम न थांबण्याचा, दुसर्‍याचा वारंवार विसाव्याचा. पण आपली चाल ओझ्याच्या चालीशीं जुळवून घेण्याचें ज्ञान दोघांसही आहे. गृहस्थानें पिशवी पाठीच्या कण्याजवळ व उंच बांधली, कमरेस पट्टा आवळला, आणि पावलें आंखूड केलीं. धाप निम्मी झाली.

परंतु अंगीं थोडें सामर्थ्य आलें कीं मनुष्य उतावळा होतो. अकराव्या आठवड्यांत, पंधरा किलो पाठीवर असतां, कान्हेरीहून परततांना त्यानें पाणी ओतलें नाहीं. भरल्या पिशवीनिशीं तो उतार धावत उतरला, आणि अर्ध्या वाटेवर उजव्या गुडघ्यांत कळ आली. डॉक्टरांनीं दोन आठवडे विश्रांति सांगितली, आणि पुढें बारा किलोंहून अधिक ओझें घेण्यास स्पष्ट मनाई केली.

खरी परीक्षा येथें होती. शब्द वीस किलोंचा गेला होता. पिशवीचा आकार तोच ठेवून आंत चिंध्या भरल्या असत्या, तर रस्त्यावर ती कोण तोलून पाहणार होतें? आणि जाणारा पैसा तर बालकांकडेच जाणार होता. पुष्कळशा असत्यांस अशाच एखाद्या सत्कार्याचा आश्रय मिळतो. दुसर्‍या बाजूस, हट्टानें वीस किलो उचलून गुडघा कायमचा गमावणें हेंही शौर्य नव्हे. मुलांच्या कल्याणासाठीं आपल्या घरच्या मुलांचा आधार मोडण्यासारखें तें झालें असतें. दोन रात्री त्यानें विचार केला आणि चाळीसही जणांस पत्र लिहिलें : ओझें वीसऐवजीं बारा किलोंचें राहील, चूक माझी आहे, ज्यांस आंकडा कमी करावयाचा असेल त्यांनीं संकोच न करतां करावा. तिघांनीं केला. बाकीच्या सदतिसांनीं पूर्वीचाच आंकडा कायम ठेवला. आणि ज्यांनीं कमी केला त्यांचा त्यास राग आला नाहीं. देणार्‍यानें पैसा वजनावर लावलेला नसतो, शब्दावर लावलेला असतो. म्हणून वजन घटलें तरी चालतें, शब्द घटून चालत नाहीं.

ठरलेल्या रविवारीं उजाडण्यापूर्वींच तो बोरिवलीहून निघाला. जानेवारींत मुंबईस उत्तरेचा गार वारा असतो; तरी सूर्य वर आला कीं दमट हवेंत घाम वाळत नाहीं आणि अंग तापूं लागतें. म्हणून पहाटेची वेळ, आणि तहान लागण्याआधींच थोडथोडें पाणी व मीठ-साखर. स्वामी विवेकानंद मार्गानें कांदिवली गेली, मालाड गेलें. प्रथम पाठीवर तांदूळ आहे हें जाणवत होतें. पुढें नुसतीं पावलें मोजलीं जाऊं लागलीं. गोरेगांवास पट्टा खांद्यास काचूं लागला. जोगेश्वरीजवळ गुडघ्यानें आठवण दिली, तेव्हां तो मुकाट्यानें चालूं लागला. थांबला मात्र नाहीं. दोन तासांहून कांहीं मिनिटें अधिक लागलीं आणि अंधेरी आली. बालकाश्रमाच्या माणसानें पिशवी तोलून घेतली : बारा किलो पुरे. ती उतरतांच त्यास आपले हात आपोआप वर तरंगतात कीं काय असें वाटलें. चारदोन स्नेह्यांनीं टाळ्या वाजविल्या, कोणी हार घातला.

त्याच वेळीं वर्सोव्याकडची एक कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजाराकडे चालली होती. रविवार म्हणजे तिच्या विक्रीचा मोठा दिवस. या घोळक्यामुळें तिची वाट अडली, तशी ती म्हणाली, "बाजूला व्हा ना, दादा." सर्वांआधीं तोच बाजूस झाला, आणि ती गर्दींत दिसेनाशी होईपर्यंत तिच्या ताठ मानेकडे पाहत राहिला.

श्रोतेहो, स्वेच्छेनें घेतलेलें ओझें मुक्कामावर उतरवितां येतें; पोटासाठीं घेतलेलें उद्यां पुन्हां डोक्यावर चढतें. पहिल्यास हार मिळतो, दुसर्‍यास वाट मिळाली तरी पुष्कळ. चार महिने घाम गाळून त्या गृहस्थानें बालकांस तांदूळ आणि पैसा दिला, हें चांगलेंच झालें. पण त्याहून अधिक कांहीं त्यास स्वतःस मिळालें. दुसर्‍या दिवशीं दुपारीं कचेरीच्या दाराशीं डबेवाला आला, तेव्हां त्यानें धांवत जाऊन त्यास दार उघडून धरलें, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्याचें नांव विचारलें.