हप्ता पक्का, मजुरी कच्ची

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त खापरखेडा येथे झालेल्या तरुण कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषण)



 आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. गिरणीच्या रिंग खात्यात आयुष्य गेले. बाकी जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, या विहारातल्या पुस्तकांच्या कपाटातून शिकलो. तेव्हा बोलण्यात काही चूक-भूल झाली तर सांभाळून घ्या.

दरवर्षी या मंचावरून चळवळीच्या इतिहासावर बोलले जाते. यंदा समितीच्या मुलांनी आम्हाला विषय दिला, तरुण कुटुंबाची खरेदी आणि घरातले निर्णय. ऐकून काहीजण हसले. तीस वर्षे मोर्चे काढणारा माणूस आता कूलर आणि फ्रीजवर बोलणार का? होय, बोलणार. कारण मोर्चात आम्ही कधी हरलो नाही एवढे घरात हरलो, आणि ते कसे हरलो हे तुमच्यासारख्या नव्याने संसार मांडलेल्या पोरापोरींना सांगणे आमचे कर्तव्य आहे.

सन २००१ ची गोष्ट. मोठी मुलगी पाच वर्षांची होती आणि पोरांची आई दुसऱ्यांदा गरोदर होती. पगार तीन हजारांच्या आसपास. त्या वर्षी तिच्या नावाने भिशी लागली, बारा हजारांची. त्या पैशावर तिने बाळंतपण ठरवले होते. आमच्या डोक्यात मात्र वेगळेच होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आम्हाला मोटारसायकलवर दिसायचे होते! आम्ही ते बारा हजार उचलले, तीस हजारांचे कर्ज केले, महिना बाराशे रुपये असा तीन वर्षांचा हप्ता बांधून घेतला, आणि हार घातलेली गाडी दारात आणून उभी केली.

पोरांची आई दारात आली. गाडीकडे पाहिले. एवढेच म्हणाली, “मले एक शब्द तं विचाराचा होता. बाळंतपणाचे पैसे होते ना वो ते.”

आता लाजेची गोष्ट ऐका. त्याच आठवड्यात आम्ही शेजारच्या गावात हिंदू कोड बिलावर भाषण ठोकले होते. स्त्रियांच्या हक्कांसाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर पाणी सोडले, हे सांगताना आमचा गळा दाटून आला होता. आणि घरी येऊन स्वतःच्या बायकोला न विचारता तिच्या भिशीवर आम्ही सही करून मोकळे झालो होतो.

पुढे जुलैत गिरणीत ले-ऑफ लागला. ले-ऑफमध्ये कायद्याने मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मेच पैसे मिळतात. पगार निम्मा झाला, पण हप्ता काही निम्मा झाला नाही. तिचे सोन्याचे मणी गहाण गेले, ते आजतागायत सुटले नाहीत. तीन हप्ते थकले आणि ऑक्टोबरात माणसे येऊन गाडी घेऊन गेली. नोव्हेंबरात एका रात्री तिला कळा सुरू झाल्या. दारात गाडी नाही, डब्यात पैसा नाही. शेजाऱ्याने जीप काढली. विहाराच्या बांधकामाच्या वर्गणीतून समितीने तीन हजार रुपये उसने दिले. मुलगा अशक्त जन्मला, अकरा दिवस दवाखान्यात राहिला. ते तीन हजार फेडायला आम्हाला चौदा महिने लागले. या विहाराच्या मागच्या भिंतीचे प्लास्टर त्या वर्षी रखडले, ते आमच्या गाडीपायी रखडले, हे आज पहिल्यांदा जाहीर सांगतो.

बंधू-भगिनींनो, हे एकट्या आमच्या घरचे रडगाणे नाही. आपल्या खापरखेड्याची रचनाच पाहा. बाजूला औष्णिक वीज केंद्र आहे, २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक. सिल्लेवाडा-वलनी परिसरातल्या कोळसा खाणींनी कितीतरी घरे उभी केली. आमच्या पिढीत कायम नोकरीवाले बरेच होते. आजचा तरुण मात्र बहुतेक ठेकेदाराकडे आहे. काम असले तर हजेरी, नसले तर घरी. अशा घरात जेव्हा हप्त्याची वस्तू येते तेव्हा मजुरी कच्ची असते आणि हप्ता पक्का असतो. सगळा घोळ इथे आहे. वस्तू वाईट नाही, फ्रीज वाईट नाही, गाडी तर कामावर जायला लागतेच. प्रश्न असा आहे की, काम दोन महिने बंद पडले तर हा हप्ता कोण भरणार? हा एक प्रश्न विचारल्याशिवाय कागदावर सही करू नका.

काही लोक म्हणतील, धम्माचा आणि फ्रीजचा काय संबंध? संबंध आहे. कोलिय लोकांतला दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवान बुद्धांकडे गेला होता. तो म्हणाला, आम्ही लेकराबाळांच्या गर्दीत राहणारी, चंदन लावणारी, सोने-रुपे वापरणारी संसारी माणसे आहोत, आम्हाला आमच्या उपयोगाचे सांगा. भगवंतांनी त्याला संसार सोडायला सांगितले नाही. कष्टाने मिळवा, मिळवलेले सांभाळा, चांगल्यांची संगत धरा आणि मिळकत पाहून खर्च करा, असे चार गोष्टींत सांगितले. तलावाचा दाखला दिला. पाणी आत येण्याच्या वाटा बंद, बाहेर जाण्याच्या उघड्या आणि वरून पाऊस नाही, तर तलाव आटणारच. दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा आणि वाईट संगत या त्या बाहेर जाण्याच्या वाटा. सिगाल नावाच्या तरुणाला तर कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक भाग वापरा, दोन भाग उद्योगात घाला आणि चौथा अडचणीसाठी राखून ठेवा. आपल्या मजुरीचा चौथा हिस्सा मागे पडणे कठीण आहे, हे आम्हाला कळते. पण विसावा हिस्सा तर पडेल? हजारात पन्नास रुपये. पगार झाल्या दिवशी बाजूला काढा, महिनाअखेरीस काढू म्हणाल तर काही उरत नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, त्या काळात मोठाच. पण राहणे परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच ठेवले. माता रमाईने काटकसरीने घर चालवले. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडून ते अपुरे शिक्षण पुरे करायला त्याच वर्षी लंडनला गेले. साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. म्हणजे उसनवारी बाबासाहेबांनीही केली. पण ती शिक्षणासाठी केली. मिरवणुकीत दिसण्यासाठी नाही केली.

आणि आपल्या नागपुरातच, २० जुलै १९४२ रोजी, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची मोठी परिषद भरली होती. हजारो बाया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी तेव्हा स्वच्छतेबद्दल, मुलांच्या शिक्षणाबद्दल सांगितले. लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नाही, असेही बजावले. आम्ही ते भाषण दहादा वाचले होते. पण बरोबरीची म्हणजे पैशाच्या व्यवहारातही बरोबरीची, हे गाडी गेल्यावर कळले.

आता थोडा हिशेब करू. दुकानदार सांगतो, ५० हजारांचे कर्ज घ्या, १० टक्के ‘फ्लॅट’ व्याज, दोन वर्षे. दोन वर्षांचे व्याज १० हजार. एकूण ६० हजार, म्हणजे चोवीस हप्ते, अडीच हजारांचे. ऐकायला सोपे वाटते. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत आलात ना? शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे ५० हजार नसतात, जेमतेम एका हप्त्याएवढेच उरलेले असतात. तरी व्याज मात्र पूर्ण ५० हजारांवर धरलेले असते. नीट मांडले तर हा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास जातो. आम्ही गिरणीत सूत मोजत आलो, पण हे मोजायला आम्हाला वयाची चाळिशी लागली.

‘शून्य टक्के’ ही पाटी दिसली तरी भुलू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते. कुठे प्रक्रिया शुल्क असते, कुठे रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना अशा कर्जाचा एकूण वार्षिक खर्च एका कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यावा लागतो. तो कागद मराठीत मागा. मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे. आणि भगिनींनो, गटाच्या कर्जाबद्दल २०२२ पासून नियम आहे की, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. एका गटाचे फेडायला दुसऱ्या गटातून उचलणे म्हणजे तलावाच्या एका भोकातून दुसऱ्यात पाणी ओतणे.

आता बाळ येणाऱ्या घराची खरेदी. सगळ्यात आधी काय घ्यावे? आमचे म्हणणे असे की, आधी आईचे ताट. अंडी, हरभरा, पालेभाजी, शेंगदाणे. लोहाच्या गोळ्या आणि बाळाच्या लसी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूधच पुरते, पाणीसुद्धा लागत नाही. दुधाच्या डब्याची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. डॉक्टरने गरज सांगितली तर गोष्ट वेगळी. नाहीतर तो डबा शेजारणीच्या घरी दिसला म्हणून आणू नका.

दुसरे, कूलर. आपल्याकडच्या मे महिन्यात लहान लेकरू असलेल्या घरात कूलर ही चैन नाही. पण पत्र्याचा कूलर, पाणी आणि वीज एकत्र आली की जीव जातो. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात अशा बातम्या येतात. म्हणून कूलरच्या आधी घरात अर्थिंग करून घ्या, तीन पिनांचाच प्लग लावा, करंट गळला की वीज तोडणारा स्विच बसवा. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून बाहेर काढा. गावाच्या बाजूला वीज तयार होते आणि आपल्याच घरातले लेकरू विजेने जावे, यासारखी गोष्ट नाही.

तिसरे, अडचणीचा पैसा. बँकेत खाते असेल तर वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा या दोन योजना २०१५ पासून आहेत. ठेकेदारीवर जाणाऱ्या माणसाच्या घरात या दोन्ही हव्यातच. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्येचे खाते काढा, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहते. बारशाच्या मंडपात जो पैसा जातो त्यात कितीतरी वर्षांचे भरणे होऊन जाईल. बारसे करू नका असे नाही. विहारात या, परित्राण पाठ घ्या, खीर वाटा. लेकराचे नाव तेवढ्यानेही ठेवले जाते.

शेवटी एकच सांगणे. आमच्या घरी २००२ पासून एक वही आहे, साधी शंभर पानी. हजार रुपयांच्या वरची कुठलीही वस्तू घ्यायची असली की ती वहीत लिहायची, खाली दोघांनीही सही करायची आणि एक महिना थांबायचे. महिन्यानंतरही दोघांना ती हवीशी वाटली तरच घ्यायची. पहिल्या वर्षी लिहिलेल्या नऊ वस्तूंपैकी चार घेतल्या. उरलेल्या पाच काय होत्या ते आज आठवतही नाही. चार वह्या भरल्या. सुरुवातीला आम्हालाच त्या सहीचा राग यायचा. बायकोची परवानगी घ्यायची का, असे मित्र हिणवायचे. घ्यायची. तिनेही आपली घ्यायची. कारण हप्ता दोघांच्या ताटातून जातो.

अकरा दिवस दवाखान्यात राहिलेला तो मुलगा आज समोर बसला आहे. ठेकेदाराकडे काम करतो. त्याच्या घरी पाळणा हलणार आहे. मागच्या महिन्यात त्याने वहीत नवा मोबाईल लिहिला, हप्त्यावरचा. आमच्या सुनेने खाली लिहिले, ‘आधी अर्थिंग’. दोघांत दोन दिवस अबोला होता, हे ती दोघे कबूल करतील. परवा वायरमन येऊन अर्थिंग करून गेला. मोबाईलच्या पुढे अजून एकच सही आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!