ओळख आणि पत

काशीच्या संकठा घाटावर संकठादेवीचे देऊळ आहे. जवळचाच भोसले घाट नागपूरकरांची आठवण देतो. आगगाडी नव्हती त्या काळी दक्षिणेतून निघालेल्या यात्रेकरूला सारी रोकड कमरेला बांधून येथवर येणे धोक्याचे असे. म्हणून तो गावच्या सावकाराकडे रक्कम भरी आणि काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. दर्शनी हुंडीचे पैसे ती दाखवताच मिळत, मुदतीचे मुदत भरल्यावर. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या ‘शाहा’च्याच हाती पडत. परक्या माणसाला असा कोणी गाठावा लागे. पुढे हुंडी खोटी ठरली, तर रकमेची भरपाई त्या शाहाच्या माथी येई. तेव्हा ओळख देणे म्हणजे स्वतःची पत गहाण ठेवणेच होते. ती हसून-बोलून घाईने मिळत नसे. वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहारातून ती मुरत जाई. आज ओळखी जमविण्याची हौस फार वाढली आहे. शेकडो नावे टिपून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने एकच हिशेब करून पाहावा: यांपैकी कितीजणांसाठी आपण पदरचे पैसे भरू, आणि आपल्यासाठी कोण भरील?